बॅट फिरायचा वेग वाढतच नाही: ताकद कमी की दुसरं काही? (बेसबॉल, १७ वर्षांखालील मुलं)

मुरूम_मैदान

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातली शाळा, १७ वर्षांखालील मुलांचा बेसबॉल संघ. पोरांची वजनं ४२ ते ५८ किलो. जवळपास सगळे टेनिस बॉल क्रिकेटमधून आलेले, त्यामुळे नजर तयार आहे, बॉल बॅटवर येतो. पण इनफिल्डच्या (बेसच्या आतल्या चौकोनाच्या) पलीकडे जात नाही. पिच (पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, टाकलेला बॉल) जरा वेगात आली की बॅट मागेच राहते आणि फाऊल उडतो.

बॅटा तीन आहेत. दोन ३३ इंची अॅल्युमिनियमच्या, वजन ८५० ग्रॅम. तिसरी ३२ इंची लाकडी, ९०० ग्रॅमच्या वर.

सध्या रोज ५० पुशअप्स, दांड्याला दोरीने वीट बांधून ती मनगटाने गुंडाळणं, आणि मॅचच्या आधी साधारण दोन किलोचा लोखंडी पाइप वीस वेळा फिरवणं, असं चालू आहे. पाइपनंतर बॅट एकदम हलकी वाटते असं पोरं सांगतात, पण दोन महिने झाले, बॉल तिथंच पडतो.

विचारायचं असं की बॅटचा वेग शरीराच्या नेमक्या कोणत्या गोष्टींवर ठरतो? उंची, हाताची लांबी, मनगट, वजन? जिम नाही, मैदान मुरमाचं, शिल्लक पैसे नाहीत. त्यात काय करता येईल?

वऱ्हाडी_डगआउट

सर, पहिले तो पाइप बंद करा. बॅट हलकी वाटते हे खरं, पण ते फक्त वाटणं आहे. जड वस्तू फिरवून लगेच नेहमीची बॅट घेतली की प्रत्यक्षात वेग कमी भरतो. बॅटवर वजनाची रिंग चढवून वॉर्मअप करणाऱ्या खेळाडूंवर याचे प्रयोग झालेत. मॅचच्या बॅटपेक्षा १० टक्के हलकी किंवा १० टक्के जड, एवढ्या पट्ट्यातल्या बॅटने वॉर्मअप केलं तर वेग टिकतो, जड रिंगने पडतो. तुमची बॅट ८५० ग्रॅमची, म्हणजे ७६५ ते ९३५ ग्रॅम. दोन किलोचा पाइप फिरवताना शरीर वेगळीच, संथ हालचाल करतं आणि तीच चाल घेऊन पोरगा प्लेटवर (बॅटिंगच्या जागी) उभा राहतो.

दुसरं, मनगट. आपल्याकडे सगळ्यांचा जीव मनगटावर. शाळकरी आणि कॉलेजच्या खेळाडूंना नेहमीच्या सरावाच्या वर मनगट-पंजाचा वेगळा व्यायाम देऊन पाहिलं, पकड मजबूत झाली, बॅटचा वेग त्यामुळे वाढला नाही. बॅट हातातून सुटणार नाही एवढी पकड पाहिजेच, पण त्यापुढे कितीही विटा गुंडाळल्या तरी बॉल लांब जाणार नाही.

वेग तयार होतो पायात. पुढचा पाय टेकतो तेव्हा त्या पायावर शरीराच्या वजनापेक्षा जास्त जोर येतो. त्या जोरावर कंबर फिरते, कंबर मंदावली की खांदे, खांदे मंदावले की हात आणि सगळ्यात शेवटी बॅटचं टोक. तयार बॅटरमध्ये कंबर सेकंदाला ७०० अंशांच्या आसपास फिरते, खांदे ९०० च्या वर आणि हात ११०० च्या वर. प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा वेगात, आणि आधीचा भाग थांबल्यामुळेच. जवारीच्या वावरात गोफण फिरवणारा माणूस पहा: हात थांबतो तेव्हा दगड सुटतो. हात थांबलाच नाही तर दगड पायापाशी पडतो.

आता तुमच्या पोरांचं क्रिकेट. टेनिस बॉलवर छक्का मारायला पुढचा पाय लेग साइडला काढून जागा करायची सवय असते. बेसबॉलमध्ये तसं केलं की कंबर आधीच उघडते, मागून खांद्याला ओढायला काही उरत नाही आणि सगळा स्विंग (बॅट फिरवणं) नुसत्या हातांचा होतो. पुढचं पाऊल पिचरच्या दिशेनेच पडलं पाहिजे, पंजा थोडासाच उघडा. टेकताना गुडघा किंचित वाकलेला, आणि बॅट बॉलपर्यंत येईस्तोवर तो सरळ होत गेला पाहिजे. समोरून मोबाईलवर स्लो मोशन घ्या. बॉल लागायच्या क्षणी पुढचा गुडघा अजून वाकलेला आणि पुढे सरकत असेल, तर चूक सापडली. त्या पोराला पुशअप्स देऊन काही होणार नाही.

दुसरी चूक क्रिकेटमधूनच येते: हात लवकर लांब करणं. हात अंगापासून दूर गेले की फिरवायचा घेर मोठा होतो, घेर मोठा झाला की फिरणं मंदावतं. अर्धा स्विंग होईपर्यंत हात मागच्या खांद्याजवळ, मागचा कोपर बरगडीला घासून खाली, बॅट सपाट होते ती त्यानंतर. तपासायला पोराला जाळीपासून एक बॅट अंतरावर, जाळीकडे तोंड करून उभं करा. बॅटची मूठ बेंबीला, टोक जाळीला, एवढं अंतर. आता स्विंग करू द्या. सुरुवातीलाच बॅट जाळीत अडकली तर हात लवकर सुटताहेत. हे जाळीवरच करा, भिंतीवर नको.

आणि मुरूम. पुढचा पाय टेकल्यावर दोन बोटंही सरकला तरी जमिनीकडून मिळणारा जोर गेला. बॅटर बॉक्समधला वरचा सुटा थर फावड्याने काढा, पाणी मारा, धुम्मसाने ठोका, रोज. कॅनव्हासचे गुळगुळीत झालेले बूट असतील तर आधी बूट बदला. पावसाळ्यात काळ्या मातीवर सराव असेल तर दर चार-पाच स्विंगला तळवे खरडायला लावा, तळव्याला मातीचा गोळा चिकटला की पकड संपली.

मोजून_पहा

वरच्या उत्तराशी सहमत. फक्त सर, मोजल्याशिवाय कशाने फरक पडला हे कळणार नाही. रडारगन लागत नाही, मोबाईलचा माईक पुरतो.

एक टी (बॉल ठेवायचा उभा दांडा) बनवा: पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्यावर रेडिएटरचा रबरी होज, उंची पोराच्या कमरेच्या जरा खाली. टीपासून बरोबर १० मीटरवर, खांबांच्या मध्ये, एक पत्रा उभा टांगा. पत्र्याच्या पुढे दोन मीटरवर माणूस नको, बॉल उलटा येतो. मोबाईल एका बाजूला अशा ठिकाणी ठेवा की टी आणि पत्रा दोन्ही मोबाईलपासून सारख्याच अंतरावर असतील. असं ठेवलं की दोन्ही आवाज पोचायला सारखाच वेळ लागतो आणि हिशेबात आवाजाच्या वेगाची वजाबाकी करावी लागत नाही. मोबाईल टीजवळ ठेवलात तर पत्र्याचा आवाज सुमारे ०.०३ सेकंद उशिरा येतो आणि आकडा चुकतो.

रेकॉर्डिंग आवाजाची लाट दाखवणाऱ्या ॲपमध्ये उघडा. लाटेतला पहिला उंचवटा म्हणजे बॅटचा आवाज, दुसरा उंचवटा म्हणजे पत्र्याचा. मधला वेळ ०.३६ सेकंद आला तर १० भागिले ०.३६, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, तासाला १०० किमी. हा बॉलचा वेग. टीवरचा बॉल थांबलेला असतो, त्यामुळे लाकडी बॅटने मध्यावर लागला तर बॉलचा वेग बॅटच्या वेगाच्या साधारण १.२ पट असतो. १०० ला १.२ ने भागा: बॅट ८३ किमी. हवेने बॉल थोडा मंदावतो, म्हणून खरा आकडा दोन-तीन टक्के वर धरा. अॅल्युमिनियमच्या जुन्या, पातळ बॅटला १.२ पेक्षा जास्त गुणक लागतो, तेव्हा दोन वेगळ्या बॅटांचे आकडे एकमेकांशी लावू नका. एकच बॅट, एकच बॉल, दर पंधरा दिवसांनी.

प्रत्येकी आठ फटके, त्यातले सगळ्यात वेगाचे तीन घेऊन सरासरी. बाकीचे मध्यावर न लागल्यामुळे कमी येतात, त्यात बॅटच्या वेगाचा दोष नसतो. बॅटचा गोड भाग (स्वीट स्पॉट, जिथं बॉल सगळ्यात चांगला लागतो) टोकापासून पाच ते सात इंच आत असतो. तिथं खडूचा पट्टा मारा, बॉलवर उमटलेला खडू सांगेल कुठं लागला.

अंदाजासाठी: अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये बॅटच्या वेगाची सरासरी ताशी ७२ मैल, म्हणजे ११६ किमी. १२० च्या वर वेगवान स्विंग समजतात, जियानकार्लो स्टँटनसारखा तिथला ताकदवान बॅटर १३० च्या आसपास असतो. ते आकडे पूर्ण वाढ झालेल्या, शंभर किलोच्या माणसांचे. पंधरा-सोळाच्या पोराने ९० गाठला तर माझ्या मते उत्तम. आणि हे लक्षात घ्या की बॅटचा वेग १ किमीने वाढला की बॉल साधारण १.२ किमीने वाढतो, पण पिच १ किमीने वेगात आली तर बॉलला जेमतेम ०.२ मिळतात. म्हणून सगळी मेहनत बॅटवर.

बॅटग्राम

लाकडी ३२ इंची बॅट सामन्यात देऊ नका, निदान ५० किलोखालच्या पोरांना. बॅटचं एकूण वजन तेवढं महत्त्वाचं नाही, ते वजन मुठीपासून किती लांब आहे ते महत्त्वाचं. फिरवायचा जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो. ३३ इंची बॅटच्या टोकाला ५० ग्रॅम टेप गुंडाळली तर फिरवायचा जडपणा १२-१३ टक्क्यांनी वाढतो. तीच टेप मुठीपाशी गुंडाळली तर जवळजवळ काहीच फरक नाही. तराजूवर दोन्ही बॅटा सारख्याच भरतील.

तपासायचं सोपं: बॅट आडवी बोटावर तोला. तोल मुठीपासून किती सेंटिमीटरवर येतो ते लिहून ठेवा. वजन आणि लांबी सारखी असताना ज्या बॅटचा तोल टोकाकडे, ती फिरवायला जड.

नवी बॅट घ्यायला पैसे नसतील तर हलक्या पोरांना मूठ दोन-तीन सेंटिमीटर वर धरू द्या. बॅट तीच, घेर लहान, फिरते वेगात. कोणी म्हणेल पोहोच कमी होते. होते, पण बाहेरच्या कडेच्या पिचपुरती, प्लेटजवळ अर्धं पाऊल सरकलं की भरून निघते.

उंची आणि लांब हात याबद्दल विचारलंय. लांब हाताने टोकाचा वेग वाढू शकतो, पण तेवढा घेर फिरवायला अंगात स्नायू पाहिजे. उंच आणि बारीक पोरगा बहुतेक वेळा ठेंगण्या पण भरलेल्या पोरापेक्षा मागे राहतो. उंची वाढतेय त्या वर्षभरात स्विंग विस्कटतो, तेव्हा त्याला नवी लांब बॅट देऊ नका.

मार्चनंतर आपल्याकडे घामाचा त्रास वेगळाच. ग्रिप ओली झाली की पोरं बॅट आवळून धरतात, आवळली की मनगट अडकतं आणि शेवटच्या टप्प्यात बॅटचं टोक सुटत नाही. सायकल हँडलची कापडी टेप चालते. दर इनिंगला कोरडा रुमाल. बॅट तळहातात खोल न धरता बोटांच्या मुळाशी धरायची.

मुरूम_मैदान

सगळ्यांचे आभार. पाइप आणि वीट बंद केली. पत्रा लावून मोजलं. एक गोष्ट कळेना: सगळ्यात वजनदार पोरगा, ५८ किलोचा, आकड्यात मधेच येतो. त्याच्यापेक्षा दहा किलोने हलका पोरगा पुढे आहे. गुडघा, पाऊल दोघांचंही ठीक दिसतं. हे काहून?

सांधे_आणि_स्नायू (फिजिओथेरपी, अचलपूर)

सर, वजनात चरबी किती आणि स्नायू किती हा पहिला प्रश्न. बॅटच्या वेगाशी नातं चरबी वजा केलेल्या वजनाचं आहे. मैदानावर दोन चाचण्या घ्या: उभ्याने दोन्ही पायांची लांब उडी, आणि २० मीटर धाव. तो उडीतही मागे असेल तर पायाचा झटका कमी आहे, जोर वाढवावा लागेल. उडी चांगली आणि बॅट मंद असेल तर सांधे तपासा.

पहिली चाचणी छातीच्या मणक्याची. स्टुलावर बसवा, गुडघ्यांमध्ये चेंडू दाबायला द्या म्हणजे कंबर फिरणार नाही. खांद्यांवर आडवी काठी, हात काठीवर. दोन्हीकडे वळू द्या. ४५ अंशांपर्यंत सहज जायला हवं. जमिनीवर खडूने कोन आखला की डोळ्यांनी दिसतं.

दुसरी, पुढच्या पायाच्या खुब्याची. पालथं झोपवून गुडघा ९० अंशांत वाकवा आणि पोटरी बाहेरच्या बाजूला पडू द्या. असं केलं की मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरतं. ३५ अंशांच्या आसपास पाहिजे. आपली पोरं मांडी घालून बसतात, त्यामुळे खुबा बाहेरच्या बाजूला छान फिरतो. आतल्या बाजूचं कोणी पाहत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खुबा आत फिरला नाही तर कंबर मधेच अडते. मग उरलेलं वळण तो खालच्या पाठीतून काढतो.

इथे मला खरी काळजी वाटते. वाढीच्या वयात खालच्या पाठीत, एकाच बाजूला, मागे वाकताना दुखत असेल तर स्विंग त्याच दिवशी थांबवा. मणक्याच्या मागच्या भागात ताणाची बारीक चीर असू शकते. मालिश, शेक, गोळी देऊन खेळवू नका. जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

खाण्याचं. स्नायू वाढवायला दर किलो वजनामागे दिवसाला १.४ ते १.७ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या पोराला ७० ते ८५. आपल्या घरात हे बसतं: दिवसभरात ३०० ग्रॅम जवारीच्या पिठाच्या भाकरी (३० ग्रॅम), ६० ग्रॅम तुरीची डाळ (१३), ५० ग्रॅम सोयाबीन वडी (२६), मूठभर शेंगदाणे (७-८). अंडं चालत असेल तर प्रत्येकी ६. सोयाबीन आपल्या वावरात पिकतो आणि सगळा बाजारात जातो. पालकांच्या बैठकीत वडीबद्दल स्पष्ट बोला.

हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. एका स्विंगचा वेग त्याने फारसा बदलत नाही, पण रक्त कमी असलं की पोरगा सरावाच्या अर्ध्यातच गळतो आणि ताकद वाढत नाही. आठवड्याची लोहाची निळी गोळी शाळेत मिळते, ती जेवल्यावर खरंच पोटात जाते का ते पहा. मुलींचा सॉफ्टबॉल संघ असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

वऱ्हाडी_डगआउट

आता व्यायामाचं सांगतो. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी.

युरियाची रिकामी थैली धुवा, आत दुसरी थैली घाला, वाळू भरा. सुरुवात १५ किलो, हळूहळू २५ पर्यंत. ती छातीशी धरून बैठका, ३ वेळा ८. मग एक पाय मागे विटेवर ठेवून एका पायाची बैठक, प्रत्येक पायाला ३ वेळा ६. नंतर थैली दोन्ही हातांनी धरून, पाठ सरळ ठेवून, खुब्यातून वाकून उठणं, ३ वेळा ८. पाठ गोल झाली की वजन कमी करा. लांब उड्या ३ वेळा ५, प्रत्येक उडीनंतर पूर्ण श्वास परत येऊ द्या.

पण सगळ्यात जास्त फळ देणारा व्यायाम म्हणजे जड चेंडू कमरेतून बाजूला फेकणं. शाळकरी खेळाडूंवर १२ आठवड्यांचा प्रयोग झालाय: नेहमीच्या वजन-व्यायामात असं फेकणं मिळवलं तेव्हा बॅटचा वेग नुसत्या वजन-व्यायामापेक्षा जास्त वाढला. भिंतीला खांदा करून, स्विंगसारखं उभं राहून, पाऊल टाकून पूर्ण जोराने फेकायचा. दोन्ही बाजूंनी ३ वेळा ६. हळू फेकला तर उपयोग नाही.

स्विंगचा सराव याच्या आधी, अंग ताजं असताना. ७५०, ८५० आणि ९५० ग्रॅमच्या बॅटा, म्हणजे १२ टक्के इकडे-तिकडे. ९५० साठी ८५० च्या बॅटला पट्टी गुंडाळा, पण टोकाला नको, मध्यावर. ७५० ची बॅट नसेल तर लहान पोरांची ३१ इंची चालेल. पाच जड, पाच हलके, पाच नेहमीचे, अशा तीन-चार फेऱ्या. प्रत्येक स्विंग पूर्ण वेगात, दोन स्विंगमध्ये दहा-पंधरा सेकंद. रोज दोनशे स्विंग मारून पोरं फक्त दमायला शिकतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी ८ च्या आत आटपा, दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट नाही, ग्लासभर पाणी.

मुरूम_मैदान

मेडिसिन बॉल नाही. जुन्या बास्केटबॉलमध्ये वाळू भरली तर चालेल का?

बॅटग्राम

गच्च भरू नोका भाऊ, सुकी वाळू असली तरी दहा किलोच्या वर जाईल. आणि अर्धा भरला तं आतली वाळू इकडून तिकडे सरकते, फेकताना मनगट मुरगळते. सरकी भरा, जिनिंगवर मिळून जाईल. झडपेजवळ चार बोटांचा काप द्या, फुगा काढा, सरकी दाबून दाबून भरा, वजन काट्यावर पहा. २ किलो तेरा-चौदाच्या पोरायले, ३ किलो मोठ्यायले. वजन कमी पडलं तर मधोमध वाळूची छोटी पुरचुंडी घट्ट बांधून ठेवा, तिच्या चारी बाजूंनी सरकी. काप मेणाच्या दोऱ्याने शिवा, वरून ताडपत्रीची खोळ. विटांच्या उघड्या भिंतीवर आपटू नोका, शिवण आठवड्यात जाते. भिंतीला जुनं टायर उभं बांधा आणि त्यावर फेका. उंदरांपासून सांभाळा, रात्री पत्र्याच्या पेटीत.